पिकअपचं नाक उचलताना

प्रश्न : माझी फोर्ड एफ-१५० पुढून खाली झुकलेली दिसते. २ इंचांचा लेव्हलिंग किट (पुढची बाजू उचलून मागच्या पातळीला आणणारा संच) घरच्या गॅरेजात बसवता येईल का?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : येईल, हाताशी एक माणूस असेल तर. पण मागे ट्रेलर ओढता का? कंपनीने मागची बाजू मुद्दाम उंच ठेवलेली असते. वजन पडलं की ती बसते. लेव्हल केलेली गाडी मग नाक वर करून धावते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

तरी बसवायचाच, तर गाडी नुसत्या जॅकवर नको, स्टँडवर घ्या. स्ट्रटच्या (पुढच्या चाकाचा स्प्रिंगसह शॉक-अ‍ॅब्सॉर्बर) माथ्यावर कडेला तीन नट आहेत, तेवढेच सोडवा. मधल्या नटाला पाना लावायचा नाही म्हणजे नाही! दाबलेली स्प्रिंग त्याच्याच जिवावर थांबलेली असते. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जाऊ देऊ नका. किटमधला स्पेसर (स्ट्रटच्या माथ्यावर बसवायची जाड चकती) इंचभरच दिसला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. स्ट्रट खालच्या आर्मवर (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा दांडा) चाकाच्या बराच आत टेकतो, त्यामुळे चाकापाशी फरक जवळपास दुप्पट पडतो. आर्मचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकल्यावरच पक्के आवळा, नाहीतर बुश (सांध्यातले रबरी तुकडे) पिळवटून लवकर जातात. त्यानंतर थेट चाकांच्या अलाइनमेंटला.