चार अक्षरांत माणूस बसवू नका

माणसांचे स्वभाव समजून घेण्याचा विषय नवा असला की पहिला मोह लेबलं लावण्याचा होतो: हा अंतर्मुख, ती बहिर्मुख. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात. बहिर्मुखता उंचीसारखी मोजायची, रक्तगटासारखी ठरवायची नाही. म्हणूनच माणसाला चार अक्षरांचं लेबल देणाऱ्या सोळा प्रकारांच्या स्वभाव-चाचणीत (MBTI) मधल्या रेषेजवळचा माणूस महिन्याभराने पुन्हा बसला की एखादं अक्षर सहज बदलतं.

निकाल 'अगदी मीच' वाटला तरी भुलू नका. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं खास' म्हणून एकच वर्णन वाटलं. अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण मिळाले. राशिभविष्य चालतं ते असंच.

निरीक्षणाच्या सरावासाठी वहीत तीन रकाने पाडा: काय केलं, कुठे आणि कोणासमोर, मी लावलेला अर्थ. पहिल्यात फक्त 'नमस्काराला उत्तर दिलं नाही'. दुसऱ्यात 'सव्वानऊ, लिफ्ट, कानाला फोन'. 'उर्मट आहे' हे तिसऱ्यातलं. बहुतेकांचा दुसरा रकाना कोराच राहतो आणि सगळं खापर स्वभावावर फुटतं. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला मूलभूत गुणारोपण दोष म्हटलं. आपल्याला उशीर झाला तर लोकल लेट, दुसऱ्याला झाला तर तो बेशिस्त!

एका नोंदीवरून काहीच ठरवू नका. स्वभावगुण आणि एखाद्या प्रसंगातलं वर्तन यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पुरेपूर) जेमतेम ०.३ च्या आसपास असतो, हे मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच दाखवलं. वेगवेगळ्या ठिकाणच्या दहा-बारा नोंदी जमल्या की कल दिसू लागतो. आणि घरच्यांच्या नोंदी करत असाल तर वही कपाटात ठेवा.