तलाठ्याने गावकऱ्यांनी घरी आणून दिलेली केळी, दूध घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की जळगाव जिल्ह्यात सहा महिन्यांपूर्वी तलाठी म्हणून रुजू झालात, लोक घरी केळीचे घड आणि दूध आणून देतात, आणि जुने सहकारी म्हणतात, "पैसा तर घेत नाही ना, मग काय बिघडलं?"

बिघडतं. मी खान्देशातच आधी तलाठी आणि नंतर मंडळ अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. लाचेचा एक रुपया कधी घेतला नाही. तरी माझ्यामुळे एका बाईचं नुकसान झालं. ते आधी सांगतो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

जूनच्या सुरुवातीला वादळ झालं. कापणीला आलेली केळी घडाच्या वजनाने आधीच झुकलेली असते, वाऱ्याच्या एका झोतात खोडं मधूनच मोडतात. दुसऱ्या दिवशी मी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला निघालो. रस्त्यात चिखल, मोटारसायकल चालेना. गावातल्या एका मोठ्या बागायतदाराने जीप दिली. साहजिकच पहिला पंचनामा त्याच्या बागेचा झाला, मग त्याच्या भावाचा, मग व्याह्याचा. दुपारचं जेवण त्याच्याच मळ्यात, भरीत आणि कळण्याची भाकरी. कुणी कुणाला काही मागितलं नाही. जीप ज्या वाटेने गेली त्या वाटेचे पंचनामे आधी झाले, एवढंच.

नाल्यापलीकडे एका विधवा बाईची दोन एकर पिलबाग होती, म्हणजे जुन्या खोडाच्या बुडाशी फुटलेल्या पिलांवर धरलेली केळी. तिथे आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. तोवर तिने पडलेली खोडं तोडून बांधावर नेऊन टाकली होती. खालची पिलं दबून मरत होती, ती बिचारी किती थांबणार? त्या वेळी निम्मं किंवा त्याहून जास्त पीक गेलं तरच सरकारी मदत मिळायची (2015 पासून ही अट 33 टक्क्यांवर आली). आम्हाला शेतात जेवढं दिसलं तेवढं लिहिलं, ते निम्म्याच्या आत भरलं. बांधावरची खोडं मोजायला हवी होती, मी मोजली नाहीत. बाई म्हणाली, "आप्पा, पहिल्याच दिवशी तुमची जीप समोरून गेली. मी हात केला होता."

मी तिला पाहिलं होतं.

पंचनामा फिरवून घ्यायला मी नंतर तहसीलला दोनदा गेलो, पण यादी पुढे गेलेली होती. तिला काहीच मिळालं नाही.

म्हणून सांगतो, आपल्या हातातला खरा अधिकार सहीत कमी आणि क्रमात जास्त असतो. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, कुणाला "उद्या या". घड आणून देणारा काही मागत नाही, पण त्याची वारस नोंद आली की ती आपोआप वर सरकते. ज्याच्याकडे केळीची बागच नाही, त्याचा अर्ज खाली जातो. कायद्यालाही हे कळतं. 1988 च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यात 'अनुचित लाभ' हा शब्द आला, आणि तो फक्त पैशापुरता नाही.

त्या पावसाळ्यानंतर मी काही गोष्टी बदलल्या. पंचनाम्याला निघण्याआधी गट नंबरांचा क्रम लिहून चावडीवर लावायचो आणि मोठ्याने वाचून दाखवायचो. अल्पभूधारक आणि लांबचे गट आधी. कुणी बदल सुचवला तर तोही सगळ्यांसमोर. वाहन आपलं, नाहीतर पायी. डबा घरचा. नोंदीसाठी कुणी वर्दी (जमिनीचा हक्क मिळाल्याची खबर) दिली की लगेच लेखी पोच द्यायचो. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे ती देणं आपलं कामच आहे, पण किती जण देतात? पोच हातात असली की माणूस तारीख दाखवून विचारू शकतो, त्याला तुमची मर्जी राखत बसावं लागत नाही.

कोतवालाबद्दल, म्हणजे आपल्या हाताखालच्या गावच्या मदतनिसाबद्दल, तुम्ही काही विचारलं नाही, पण सगळ्यात आधी घसरण तिथेच होते. माझ्या कोतवालाकडून मी बरीच वर्षं घरचं दळण, भाजी, गॅसची टाकी आणवली. तो माझ्याहून वयाने मोठा होता, मानधन तुटपुंजं. एकदा त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते आणि मी त्याला बाजारात पिटाळलं. तो गेला. नाही कसं म्हणणार? हे मला महिन्याने दुसऱ्याच कुणाकडून कळलं. जो नाही म्हणू शकत नाही, त्याला खाजगी काम सांगूच नका, अगदी गोड बोलूनसुद्धा.

आता केळीचं. आपल्याकडे दारात आलेली वस्तू नाकारली की माणूस दुखावतो, हे खरं. त्याला घरात बसवा, चहा तुम्ही पाजा, काही काम आहे का ते विचारा आणि असेल तर सकाळी चावडीवर अर्ज घेऊन बोलवा. घड त्याच्याच सोबत परत द्या. ठेवून निघून गेला असेल तर त्याच संध्याकाळी परत पाठवा, आणि कोतवालाच्या हाती नको, स्वतः गाडीवर टाकून घेऊन जा.