एलिझाबेथ फार्ममधली एलिझाबेथ कोण?

प्रश्न: सिडनीजवळ पॅरामाटाला एलिझाबेथ फार्म नावाचं जुनं घर आहे, ते नाव इंग्लंडच्या राणीवरून पडलं का?

उत्तर: नाही हो, राणीचा काही संबंध नाही. ही एलिझाबेथ म्हणजे जॉन मॅकार्थरची बायको. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी, त्याला १७९३ मध्ये १०० एकर जमीन मिळाली, त्याच वर्षी घर बांधायला घेतलं आणि फार्मला बायकोचं नाव दिलं. पण मला विचाराल तर ते नाव तिने नंतर खऱ्या अर्थाने कमावलं, कारण जॉन दोनदा इंग्लंडला गेला, आधी १८०१ ते १८०५ आणि मग १८०९ ते १८१७, म्हणजे जवळजवळ बारा वर्षं, आणि एवढा काळ मुलं, शेती, मेरिनो (मऊ लोकरीच्या जातीच्या) मेंढ्या, लोकरीचा धंदा सगळं तिनेच बघितलं. तरी ऑस्ट्रेलियातल्या शाळेच्या पुस्तकात लोकरीच्या धंद्याचं क्रेडिट बरीच वर्षं नवऱ्यालाच मिळत होतं, हे मला खरंच खटकतं.

आणि जमीन काही रिकामी नव्हती, तिथे आधीपासून बुरामट्टागल हे तिथले मूळ आदिवासी लोक राहत होते, पॅरामाटा हे नावसुद्धा त्यांच्याच शब्दावरून आलंय. घर आजही उभं आहे, आता तिथे म्युझियम आहे.