‘मी खाते ते बाळाला लागत नाहीये का?’

प्रश्न : नमस्कार मॅडम, वय २७, पहिलटकरीण आहे, धायरीला राहते. ३१ आठवड्यांची सोनोग्राफी झाली. बाळाचं अंदाजे वजन १४०० ग्रॅम, सातवं पर्सेंटाइल, डोकं बरोबर पण पोटाचा घेर मागे, प्लॅसेंटा अँटिरिअर ग्रेड टू, डॉप्लर नॉर्मल असं लिहिलंय. घरात सगळ्यांचं एकच, तू नीट खात नाहीस. दूध, अंडी, पालेभाजी, डिंकाचे लाडू सगळं चालूये, माझं स्वतःचं वजन ९ किलोने वाढलंय. मग खाल्लेलं जातं कुठं? प्रोटीन पावडर दुप्पट करू का?

उत्तर : पावडर दुप्पट करू नका, आणि सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या.

खाल्लेलं जातं कुठं हा प्रश्न मात्र एकदम बरोबर विचारलात. तुम्ही खाल्लेलं थेट बाळाच्या तोंडात जात नाही, ते आधी तुमच्या रक्तात येतं, रक्त गर्भाशयात जातं आणि तिथे मधे बसलेली असते वार, म्हणजेच रिपोर्टमधली प्लॅसेंटा. आपल्याकडे बरेचजण वारेलाच नाळ म्हणतात पण नाळ ही नुसती दोरी, वारेपासून बाळाच्या बेंबीपर्यंत जाणारी. खरं काम वारेचं. तुमचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही बरं का. वारेला बारीक बारीक झुबके असतात, त्यांच्या आत बाळाचं रक्त आणि बाहेरून तुमचं, मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन, साखर, अमिनो आम्लं, लोह इकडून तिकडे जातं आणि कचरा परत तुमच्याकडे येतो. आणि ही वार काही फुकट काम करत नाही, आलेल्या ऑक्सिजन-साखरेतला बराचसा वाटा ती स्वतःच वापरते.

आता पुण्यातल्या माणसाला कळेल असं सांगते. खडकवासला भरलंय, पण सोसायटीला येणारी लाइनच बारीक असेल तर धरणातून अजून पाणी सोडून चौथ्या मजल्यावरच्या नळाला काय फरक पडणार? तुमचं खाणं म्हणजे धरण. लाइन टाकायचं काम गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्यात होतं. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या नागमोडी रक्तवाहिन्यांत शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू झिजवतात आणि अरुंद वाहिनीचं तोंड फनेलसारखं मोठं करतात, म्हणजे नऊ महिने भरत येतात तेव्हा दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त गर्भाशयात येऊ शकतं. हे काम साधारण २०-२२ आठवड्यांपर्यंत उरकतं. ते अर्धवट राहिलं तर बाळाला कमी पोचतं आणि काहीजणींचं बीपीही त्यामुळेच चढतं. म्हणून चौदाव्या आठवड्यात राहिलेलं काम एकतिसाव्या आठवड्यातल्या लाडवाने होत नाही. आणि इथे टँकरही मागवता येत नाही.

डोकं बरोबर आणि पोट मागे का? सोसायटीत पाणी कमी आलं की कमिटी आधी बागेचं बंद करते, स्वयंपाकघराचं चालू ठेवते. बाळही तेच करतं, मेंदूकडे रक्त जास्त वळवतं आणि लिव्हरमध्ये साखर साठवणं कमी करतं. पोटाचा घेर म्हणजे मोठ्ठा भाग लिव्हरच, त्यामुळे तोच आधी मागे पडतो.

पण थांबा, तुमच्या बाळाचं असंच झालंय असं मी म्हणत नाहीये. सातवं पर्सेंटाइल म्हणजे त्या वयाच्या शंभरातली साधारण सात बाळं याच्याहून लहान, एवढंच. तुम्ही दोघंही लहान चणीचे असाल तर बाळ मुळातच लहान चणीचं असू शकतं. शिवाय सोनोग्राफीचं वजन हा अंदाज, दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतो, म्हणजे १४०० चे १२०० नाहीतर १६०० पण निघतील. दिलासा आहे तो डॉप्लरचा, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा प्रवाह बघतात त्या तपासणीचा. नाळेतल्या रक्तवाहिनीत बाळाच्या दोन ठोक्यांच्या मधेही रक्त पुढे वाहत राहायला हवं, वारेत अडथळा वाढला की ते मंदावतं, मग थांबतं, अगदीच वाईट असेल तर उलटं फिरतं. तुमचं नॉर्मल आहे. वाढीची सोनोग्राफी दोन आठवड्यांनी परत करा, त्याच्या आत वाढ मोजू नका, तेवढ्यात बाळाच्या वाढीपेक्षा मशीनची चूकच जास्त असते. मधे डॉप्लर कधी ते तुमच्या डॉक्टर सांगतील. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधलं अंतर जास्त बोलतं.

ग्रेड टू म्हणजे परीक्षेतली ग्रेड नव्हे, वारेत कॅल्शियमचे ठिपके दिसायला लागलेत, बस. अँटिरिअर म्हणजे वार पुढच्या बाजूला, त्यामुळे लाथा जरा उशी मारल्यासारख्या लागतात. (वार पुढे म्हणजे मुलगी, मागे म्हणजे मुलगा वगैरे व्हॉट्सअॅपवर फिरतं ते वाचू पण नका, थापा आहेत.)

आपल्या पुण्याचंच एक उदाहरण देते. १९९३ पासून केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास केला. त्यात एकूण कॅलरी-प्रोटीनच्या आकड्यांपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध दिसला. पाचव्या महिन्याच्या आसपास सोनोग्राफीने वारेचं आकारमान मोजलं तेव्हा ते आईच्या दिवस जाण्याआधीच्या वजनाशी जोडलेलं निघालं, आणि बाळाचं जन्माचं वजन त्या वारेशी. म्हणजे बाई लग्नाआधी, शाळा-कॉलेजात असताना काय जेवत होती हेसुद्धा यात आलं, आणि त्याचा जाब आता तुम्हाला विचारणं म्हणजे कमालच झाली. मंडईतून मेथी-चाकवत आणत राहा, दूध घ्या, पोट फुटेपर्यंत खाऊ नका.

तुमच्या हातात आहे ते एवढं : कुशीवर झोपा, दिवसभर पडून राहू नका, त्याने वार सुधारत नाही. बीपी वेळच्या वेळी बघा. आणि हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली की त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, सकाळपर्यंत वाट बघायची नाही, गोड खाऊन बघू असंही नाही.

प्रश्न : सुनेच्या पहिल्या वेळी बीपी वाढलं आणि बाळ १९०० ग्रॅमचं झालं. आता परत दिवस गेलेत, दहावा आठवडा. डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलीये, रक्त पातळ करायची गोळी एवढ्या लवकर कशाला? बंद केली तर चालेल का? — हडपसरहून एक सासूबाई

उत्तर : काकू, अजिबात बंद करू नका. वर लाइनचं सांगितलं ना, ते काम आत्ताच सुरू आहे, म्हणून तर ही गोळी सोळा आठवड्यांच्या आत सुरू करतात. कमी डोसची असते, बहुतेक डॉक्टर रात्री झोपताना घ्यायला सांगतात आणि कधी थांबवायची तेही तेच सांगतात. हमखास उपाय नाही, पण पहिल्या वेळी बीपीचा त्रास झालेल्यांना तो परत व्हायची शक्यता कमी होते, हे नीट सिद्ध झालंय.

आणि तुम्ही विचारलं नाहीत तरी विचारते, घरात कोणी मिश्री लावतं का? राग मानू नका, हडपसर काय आणि कोथरूड काय, मिश्रीची डबी खिडकीत ठेवलेली मी भरपूर घरांतून बघितलीये, आणि ‘दातालाच तर लावते, खात थोडीच’ हे वाक्यही रोज ऐकते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि गर्भाशयाकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. सुनेची बंद करा, तुमची असेल तर तुमचीही, म्हणजे तिला सोपं जाईल.

प्रश्न : बाळंतपणानंतर वार घरी न्यायला मिळते का? आमच्या आजी म्हणतात पुरायची असते.

उत्तर : सहसा नाही, नियमाप्रमाणे ती पिवळ्या पिशवीतून जैविक कचऱ्यात जाते. पण बघायची असेल तर आधीच सांगून ठेवा. आम्ही ती स्टीलच्या ट्रेमध्ये उलटीसुलटी करून तपासतोच, एखादा तुकडा आत राहिला तर रक्तस्राव होतो म्हणून. अर्धा किलोची, जेवणाच्या ताटापेक्षा जरा लहान. आईकडची बाजू काळपट लाल, कलेजीच्या फोडी जुळवून ठेवल्यासारखी. बाळाकडची गुळगुळीत, निळसर-करडी, आणि मधल्या नाळेपासून सगळीकडे पसरलेल्या शिरा, थेट वडाच्या मुळांसारख्या. आजींनाही दाखवा, पुरलेली असेल, पण उलटून बघितली नसेल.