पसंतीक्रम भरताना डाव टाकू नका

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

"माझी मुलगी एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी, म्हणजे पोटाच्या आणि लिव्हरच्या विकारांचं, करायचं म्हणते. माझा भाचा अमेरिकेत असतो. तो सांगतो, तिकडं डॉक्टरांना फेलोशिप, म्हणजे सुपरस्पेशालिटीचं शिक्षण, 'मॅच'मधून मिळते, कोण कुठं जाणार ते कॉम्प्युटर ठरवतो. हे नेमकं काय असतं? त्यात वशिला चालतो का? तिनं इथं नीट एसएस, म्हणजे सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा, द्यावी की तिकडचं बघावं? आणि पसंतीक्रम भरताना अवघड ठिकाणं वर टाकली तर पहिले नंबर वाया जातात, असं सगळे म्हणतात. म्हणून मी मिळण्यासारखी कॉलेजं वर आणि केईएम, नायर, सायन तळाला, अशी यादी करून ठेवली आहे. सोबत जोडतो. ती बरोबर आहे का, तेवढं सांगा."

नमस्कार.

तुमची यादी मी नीट पाहिली. दोन रंगांच्या पेनांनी, कॉलेजचं नाव, सीटा, कोल्हापूरपासूनचं अंतर असं सगळं मांडून तुम्ही ती केली आहे. मेहनत दिसते. तरीही स्पष्ट सांगते, हा क्रम चुकीचा आहे, आणि तो इथंही चुकीचा आहे आणि अमेरिकेतही. त्यामुळे आधी यादीचं बोलू, मग इथं की तिथं याकडे येऊ.

अवघड ठिकाण वर टाकलं की पहिला नंबर वाया जातो, ही भीती आपल्याकडे अकरावीपासून घर करून बसते. ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडमध्येही पहिला पर्याय मिळाला की जागा गोठते. त्यामुळे पहिली ओळ म्हणजे काहीतरी धोक्याची जागा, असं पालकांच्या मनात बसलं आहे. पण त्या नियमाचा अर्थ एवढाच की पहिल्या ओळीवर तेच लिहा, जे मिळालं तर आनंदानं घ्याल. अवघड कॉलेज वर लिहिल्यामुळे खालचं सोपं कॉलेज हातचं जातं, असं त्यात कुठंच नाही.

आता मॅच. अमेरिकेत हे काम एनआरएमपी (नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्राम) ही संस्था करते. अर्ज आणि मुलाखती झाल्या की डॉक्टर आपली यादी देतो: कुठल्या हॉस्पिटलच्या प्रशिक्षणाला आधी जायला आवडेल, कुठल्या नंतर. प्रत्येक हॉस्पिटलचा प्रशिक्षण विभागही स्वतःची यादी देतो: कुठला उमेदवार आधी हवा, कुठला नंतर. दोन्हीकडच्या याद्या कॉम्प्युटर जुळवतो. तो कसा, ते एका उदाहरणानं बघा.

समजा बोस्टन, शिकागो आणि ह्यूस्टन इथं एकेक जागा आहे. तुमच्या मुलीची यादी: बोस्टन, शिकागो, ह्यूस्टन. सांगलीचा एक मुलगा आहे, त्याची यादी: शिकागो, ह्यूस्टन. नागपूरची एक मुलगी आहे, तिनं बोस्टन पहिलं लिहिलं आहे. कॉम्प्युटर आधी तुमच्या मुलीला बोस्टनच्या दारात नेतो. जागा रिकामी आहे, म्हणून बोस्टन तिला धरून ठेवतं, पण तात्पुरतं. सांगलीचा मुलगा शिकागोला तात्पुरता बसतो. मग नागपूरची मुलगी बोस्टनला येते. बोस्टननं आपल्या यादीत तिला तुमच्या मुलीच्या वर ठेवलेलं आहे, म्हणून तुमची मुलगी तिथून सुटते आणि आपल्या दुसऱ्या पसंतीकडे, शिकागोला जाते. शिकागोच्या यादीत ती सांगलीच्या मुलाच्या वर आहे. झालं, शिकागो तिची जागा, आणि तो मुलगा ह्यूस्टनला.

यातली खरी गोष्ट पकडा. शिकागोनं तिला असं विचारलंच नाही की "आम्ही तुझ्या यादीत दुसरे का?" ती उशिरा पोचली म्हणून तिची जागा गेली नाही, कारण सगळं जुळेपर्यंत कुणाचीच जागा पक्की नसते. बोस्टन वर लिहून तिचं काहीही गेलं नाही. उलट घाबरून शिकागो वर लिहिलं असतं, आणि नागपूरच्या मुलीनं बोस्टनला अर्जच केला नसता, तर हातची बोस्टनची जागा तुमच्या मुलीनं स्वतःच सोडली असती.

हे आपोआप असं झालेलं नाही, आणि इथं मला थोडं थांबून सांगावंसं वाटतं. 1940 च्या दशकात अमेरिकेतली हॉस्पिटलं इंटर्न मिळवण्यासाठी इतकी घाई करत की शिक्षण संपायला दोन वर्षं असतानाच मुलांना जागा देऊन टाकत. मग मुदती ठरल्या, तर तार करून काही तासांत होकार मागायला लागली. त्यावर उपाय म्हणून एकत्रित मॅच आली, 1952 मध्ये. पण तिच्यासाठी आधी जी पद्धत सुचवली होती, तिच्यात नेमकी तुमची भीती खरी ठरत होती: मोठी जागा वर लिहिली तर मधल्या जागेवरचा हक्क खरोखर कमी व्हायचा. हे विद्यार्थ्यांनीच ओळखलं. हार्वर्डचा हार्डी हेन्ड्रेन नावाचा विद्यार्थी त्यांच्या पुढे होता, पुढे तो लहान मुलांचा नामवंत सर्जन झाला. त्यांनी विरोध केला आणि पद्धत बदलून घेतली. 1962 मध्ये गेल आणि शॅप्ली या गणितज्ञांनी अशा जुळवणीचा सिद्धांत मांडला. 1998 पासून अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ आणि एलियट पेरान्सन यांनी सुधारलेली, उमेदवाराच्या बाजूनं सुरू होणारी आवृत्ती वापरात आली. रॉथ आणि शॅप्ली यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच विषयासाठी. उमेदवारानं खरा क्रम लिहिण्यातच त्याचं हित आहे, हे यात गणितानं सिद्ध झालेलं आहे.

आणि तुमच्या मुलीचाच विषय घ्या. अमेरिकेत गॅस्ट्रोची मॅच 1990 च्या दशकाच्या शेवटी चक्क मोडून पडली होती. मग काय झालं? हॉस्पिटलं पुन्हा लवकर लवकर ऑफर द्यायला लागली, मुदत अगदी थोडी, "आत्ता सांगा, नाहीतर जागा गेली." मुलामुलींना दुसऱ्या मुलाखतींची वाट बघता येईना. पुष्कळ जण जिथं शिकत होते तिथंच अडकून राहिले, लांबच्या चांगल्या ठिकाणी जाणारे कमी झाले. शेवटी 2006 मध्ये गॅस्ट्रोची मॅच पुन्हा सुरू झाली. "कॉम्प्युटर ठरवतो" असं ऐकलं की आपल्याला धास्ती वाटते, पण त्या काळातल्या मुलांना विचारलं असतं तर त्यांनी कॉम्प्युटरच मागितला असता.

वशिल्याचं विचारलंत. जुळवणीच्या टप्प्यावर तो चालायला जागाच नाही. त्याआधी, म्हणजे मुलाखतीला बोलावणं येण्यात, ओळखीच्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र, त्यांनी केलेला फोन, एकत्र केलेलं संशोधन यांचं वजन असतं, आणि ते उघडपणे असतं. तो वशिला नव्हे, तिच्या कामाची साक्ष आहे. मात्र एक लक्षात ठेवा: मॅचचा निकाल बांधून घेणारा असतो. लागल्यावर "नको" म्हणता येत नाही, संस्थेकडून रीतसर सूट घ्यावी लागते आणि नियम मोडला तर पुढच्या मॅचची दारं बंद होऊ शकतात. म्हणून जिथं जायचंच नाही ते नाव यादीत कुठंच, अगदी तळालाही, लिहायचं नाही.

आपल्याकडची नीट एसएस याहून साधी आहे. इथं हॉस्पिटल उमेदवारांची यादी देत नाही, मुलाखतही नाही. एनबीईएमएस या राष्ट्रीय परीक्षा मंडळाची परीक्षा, एमडी मेडिसिनवाल्यांना मेडिसिन गटाचा पेपर, मग एमसीसी या केंद्राच्या समितीचं काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप. रँकप्रमाणे एकेकाची पाळी येते आणि त्याच्या यादीतली वरून पहिली जी जागा शिल्लक असेल ती त्याला मिळते. तिची पाळी आली आणि केईएम भरलेलं असेल, तर कॉम्प्युटर पुढच्या ओळीवर जाईल, तिचा नंबर घसरणार नाही. पण केईएमची जागा शिल्लक असूनही तुमच्या यादीत ते तळाला असेल, तर वरचं "मिळण्यासारखं" कॉलेज तिच्या गळ्यात पडेल आणि केईएम तिच्या मागच्या रँकवाल्याला जाईल. असं झालेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. राउंडचे, डिपॉझिटचे, सीट सोडण्याचे नियम दरवर्षी बदलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक तिनं स्वतः वाचावं, सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नये. एम्स, पीजीआय, जिपमर यांच्यासाठी आयएनआय एसएस ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते, तीही तिच्या डोक्यात असू दे.

"फेलोशिप" या नावाखाली आपल्याकडे बरंच काही खपतं, तेही सांगून टाकते. गॅस्ट्रोसाठी तिला हवं ते एमडीनंतरचं तीन वर्षांचं सुपरस्पेशालिटीचं शिक्षण, डीएम किंवा डीआरएनबी. एनबीईएमएसची एफएनबी ही फेलोशिप दोन वर्षांची असते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचे फेलोशिप अभ्यासक्रम वेगळे, आणि हॉस्पिटलनं स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं प्रमाणपत्र आणखी वेगळं. ही शेवटची दोन डीएमनंतर हात बसवायला उपयोगी पडतात, डीएमच्या जागी नाहीत.

अमेरिकेचं आता. भाच्यानं कदाचित हे सांगितलं नसेल की तिथली गॅस्ट्रो फेलोशिप मिळवण्याचा रुळलेला रस्ता तिथल्याच रेसिडेन्सीतून, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घेतलेल्या पदव्युत्तर शिक्षणातून, जातो. तिची इथली एमडी त्या जागी धरली जात नाही. म्हणजे आधी यूएसएमएलई या तिथल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेच्या पायऱ्या आणि परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना लागणारं ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, मग रेसिडेन्सीची मॅच, जिचा निकाल मार्चमध्ये लागतो, तीन वर्षं इंटर्नल मेडिसिन पुन्हा, आणि त्यातच शेवटच्या टप्प्यात फेलोशिपची मॅच. तिचे अर्ज जुलैत सुरू होतात, मग मुलाखती, नोव्हेंबरात यादी आणि डिसेंबरच्या सुरुवातीला निकाल. मग आणखी तीन वर्षं. जे-1 व्हिसावर गेली तर शिक्षणानंतर दोन वर्षं भारतात परत यावं लागतं, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करून त्यातून सूट मिळवावी लागते.

माझं मत विचाराल तर, आयुष्य तिथं काढायचं असेल तर हा रस्ता चांगला आहे आणि पुन्हा रेसिडेन्सी केल्याचं दुःख नको. पण शिकून कोल्हापुरातच प्रॅक्टिस करायची असेल, तर इथलं डीएम अर्ध्या काळात तिला तेच काम करायला उभं करतं. पत्रात तुम्ही मुलीला कुठं राहायचं आहे ते लिहिलेलं नाही. तुम्ही दोघं त्यावर बोलला नसाल, तर ते आधी व्हायला हवं. फी, परीक्षा, व्हिसा हे सगळं त्यानंतरचं.

यादी तुम्ही करू नका, तिला करू द्या. तुमचा कागद तिला दाखवायच्या आधी तिनं कोरा कागद घेऊन स्वतःचा क्रम लिहावा. दोन कॉलेजांमध्ये अडली तर स्वतःला एवढंच विचारावं: दोन्ही जागा आज हातात आल्या तर कुठली घेईन? रँकचा विचार त्या वेळी मनात आणायचा नाही. उत्तर येत नसेल तर त्या विभागातल्या सध्याच्या डीएम रेसिडेंटना फोन करावा आणि विचारावं की पहिल्या वर्षी एन्डोस्कोप स्वतःच्या हातात किती येतो, ईआरसीपी (पित्तनलिकेची एन्डोस्कोपी) कधीपासून करू देतात, लिव्हरचे पेशंट किती, इमर्जन्सीला रात्री सोबत कोण असतं, स्टायपेंड वेळेवर मिळतो का, बाँड किती वर्षांचा. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयातून किंवा तिच्या कॉलेजातून गेलेलं कुणी ना कुणी तिथं असतंच, नंबर मिळायला अडचण येणार नाही. आणि तिला घराजवळ राहायचं म्हणून पुणं खरोखर मुंबईच्या वर हवं असेल, तर ते वरच लिहावं. ते तिचं खरं उत्तर असेल, तर त्याला कुणी नावं ठेवायचं कारण नाही.

तिची यादी तयार झाली की दोघं मिळून मला दाखवायला या. येताना तुमचा कागदही आणा, अंतरांचा रकाना तिला उपयोगी पडेल.