ओली मिरी आणि काळी मिरी वेगळ्या जातीच्या असतात का?

बाजारात मिरीचे हिरवे घोस दिसले, ही काळ्या मिरीपेक्षा वेगळी जात का, असं तुम्ही विचारलंय. नाही, वेल तोच आणि दाणाही तोच. सावंतवाडीला आमच्या घरामागे सुपारीवर चढवलेले मिरवेल आहेत, त्यामुळे हे दरवर्षी बघतो.

ओला दाणा गुळगुळीत आणि टणक. नखाने दाबला की साल सुटते, खाली पातळ गर आणि आत एकच बी. चावला तर आधी पाल्यासारखा हिरवा वास येतो, तिखट मागाहून जिभेला लागतं. वजनात दोन तृतीयांश पाणीच, म्हणून 3 किलो ओल्या मिरीची जेमतेम 1 किलो सुकी भरते.

वाळताना आतली बी फारशी आकसत नाही. साल आणि गर मात्र सुकून तिला चिकटतात, त्याच त्या सुरकुत्या. आणि काळा रंग उन्हाने करपून येत नाही बरं का! चिरलेलं वांगं हवेवर काळं पडतं, तसंच सालीत घडतं. आम्ही दाणे रोवळीत घेऊन मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतो. मग रंग एकसारखा येतो आणि मिरी लवकर वाळते. पाण्यात जास्त वेळ राहिली तर मात्र नीट काळी होत नाही. लिंबाच्या रसात मुरवलेली मिरी हिरवट राहते, कारण आंबटपणामुळे ते काळवंडणं अडतं.

पहिल्या वर्षी मी घाई केली. घोसात एकही दाणा पिवळा-लाल झालेला नसताना सगळी मिरी उतरवली. सुकल्यावर दिसायला झकास काळी, पण व्यापाऱ्याने ओंजळीत घेऊन फुंकर मारली तर निम्मी उडाली. आत बी भरलीच नव्हती. व्यापारी लिटरच्या मापात भरून वजन करतात. भरीव मिरी 550 ग्रॅमच्या आसपास उतरते. माझी कितीची उतरली ते विचारू नका.

पांढरी मिरी म्हणजे पिकलेले दाणे आठवडाभर भिजवून साल काढलेली बी. तिखटपणा मुख्यतः बीत असतो, सुवास बराचसा सालीत. म्हणून ती झोंबते, पण घमघमत नाही.

घरची मिरी तपासायची तर मूठभर पाण्यात टाका. भरीव दाणे तळाला जातात, पोकळ तरंगतात. भेसळीच्या पपईच्या बियाही तरंगतात, पण त्या लांबट असतात, मिरी गोल.