माशांच्या टाकीची पट्टी तडकली: आधी पुरावा, मग सिलिकॉन

प्रश्न: जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. सात महिन्यांपूर्वी पुण्याच्या दुकानातून चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी साडेचौदा हजारांना घेतली. पक्कं बिल आहे. वरच्या मधल्या आडव्या पट्टीला आता तडा गेलाय. दुकानदार म्हणतो, तुमचाच धक्का लागला असेल, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं बिलावर छापलंय, आणि भांडायचं तर पुण्याच्या कोर्टात या. पट्टी मीच चिकटवून टाकू का? तक्रारीवर परिणाम होईल का?

उत्तर: चिकटवा, पण आज नाही. आज फक्त पाणी उतरवा.

टाकी भरलेली असताना पुढच्या काचेवर सुमारे दोनशे किलोचा दाब असतो. मधली पट्टी पुढची-मागची काच धरून ठेवते. ती सुटली की काच फुगते आणि सांध्यांचं सिलिकॉन ताणलं जातं. पाणी निम्म्यावर आणलंत की दाब चौथ्या हिश्श्यावर येतो. हीटर आधी बंद करा, नाहीतर उघडा पडून फुटेल. काढलेलं पाणी पिंपात भरून ठेवा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि माशांनाही तेच सवयीचं आहे. नुकसान कमी करण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावरही आहे. तडा दिसूनही टाकी काठोकाठ ठेवलीत आणि खालच्या घराचं छत भिजलं, तर तो शेजारी तुम्हालाच जबाबदार धरेल.

पाणी उतरवण्याआधीच एक मोजमाप घ्या. टाकीच्या दोन्ही टोकांना दोरा ताणून मध्ये काच किती मिलिमीटर बाहेर आली ते मोजपट्टीने मोजा आणि फोटो काढा. मग तडा जवळून पाहा. तो पट्टीच्या कडेवरच्या बारीक टवक्यापासून, न घासलेल्या धारेपासून सुरू होत असेल, तर कापणीतला दोष म्हणता येतो. पट्टीवर दिवा ठेवत असाल आणि तडा तिथूनच निघाला असेल, तर दुकानदाराच्या म्हणण्यात तथ्य निघू शकतं. हे आधी स्वतःशी प्रामाणिकपणे तपासा. काचेचं काम करणाऱ्या कारागिराकडून पट्टीची जाडी आणि तड्याचं कारण सहीनिशी लिहून घ्या.

घाई का नको, ते सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 87 नुसार, हानी झाली तेव्हा वस्तूत फेरफार झालेला असेल तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा, दावा चालत नाही. उद्या टाकी फुटून घराचं नुकसान झालं, तर तुमचं सिलिकॉन हाच त्याचा बचाव होईल. शिवाय दोष ठरवायला ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पट्टी कचऱ्यात गेली तर पाठवणार काय?

म्हणून आधी स्पीड पोस्टने पोचपावतीसह नोटीस द्या, तीच व्हॉट्सॲपवरही पाठवा: सात दिवसांत येऊन पाहा, बदलून द्या किंवा पैसे परत करा; न आल्यास दुरुस्ती करून खर्च वसूल करीन. मुदत संपली की दोन साक्षीदारांसमोर पट्टी काढा, तिच्या टोकांचं जुनं सिलिकॉन तसंच राहू द्या, कागदात गुंडाळून सह्या घ्या.

दुरुस्ती टाकी रिकामी करूनच करा. मासे टबात जुन्या पाण्यात हलवा, हवेचा पंप लावा, फिल्टरचा स्पंज ओला राहू द्या. टाकीच्या काचेवर पट्टी बसते तिथलं जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडा. वाळलेल्यावर नवं धरत नाही, बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. ॲसिटोनने पुसा. नवी पट्टी काचेचीच हवी, ॲक्रिलिकवर सिलिकॉन भरवशाचं बसत नाही. जाडी किमान बाजूच्या काचेइतकी आणि धारा घासलेल्या असाव्यात. क्लॅम्पने दोन्ही काचा हलकेच सरळ रेषेत आणा. सिलिकॉन बुरशीरोधक नको. सात दिवस वाळू द्या, मग टप्प्याटप्प्याने भरा आणि दर टप्प्याला दोरा पुन्हा लावा. काचवाल्याचं बिल जपा.

छापील ओळीला घाबरू नका. बिलात मुदत नसेल तर 30 दिवसांत सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे 30 दिवस गेले असले तरी मालातल्या दोषाची तक्रार संपत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करता येते. पुण्यालाही जायला नको: कलम 34 नुसार तक्रारदार राहतो तिथेच, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा आयोगात, दाखल होते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. टाकीची किंमत, दुरुस्ती आणि तक्रारीचा खर्च वेगवेगळा मागा. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. साडेचौदा हजारांचं प्रकरण पुष्कळदा तिथेच मिटतं.